लोपेझ लोमाँगच्या हाती झेंडा कसा आला

ऑलिंपिक जवळ आलं की एक मजकूर हमखास फिरतो: श्रीमंत देश निर्वासित छावण्यांतून धावपटू उचलतात, हातावर पासपोर्ट ठेवतात, दयेपोटी संघात घेतात आणि ही मंडळी मायदेशाशी बेइमानी करून परका झेंडा मिरवतात. ८ ऑगस्ट २००८ ला बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनात अमेरिकेचा ध्वज अभिमानाने वाहणाऱ्या लोपेझ लोमाँग या धावपटूवर हे आरोप घासून पाहू.

‘धावपटू उचलतात.’ लोमाँगला सुदानच्या यादवीत सहाव्या वर्षी पळवून नेलं. तिथून निसटून तो केनियातल्या काकुमा छावणीत पोहोचला आणि तिथेच दहा वर्षं राहिला. सिडनी ऑलिंपिकमधली अमेरिकी धावपटू मायकेल जॉन्सनची शर्यत त्याने पाच शिलिंग मोजून, कारच्या बॅटरीवर चालणाऱ्या कृष्णधवल टीव्हीवर पाहिली. २००१ मध्ये अमेरिकेने आसरा दिला तो त्याच्यासारख्या हजारो पोरक्या मुलांना. त्यात स्टॉपवॉच लावून कुणाची निवड झाली नव्हती.

‘पासपोर्ट हातावर ठेवतात.’ निर्वासिताला वर्षभराने ग्रीन कार्डसाठी अर्ज करावा लागतो. नागरिकत्वाचा अर्ज साधारण पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर. मग बोटांचे ठसे, मुलाखत, इंग्रजी लिहिण्या-वाचण्याची चाचणी. तेव्हाच्या नियमाने इतिहास आणि राज्यव्यवस्थेवरचे दहा प्रश्न, त्यातले सहा बरोबर यायला हवेत. लोमाँग जुलै २००७ मध्ये नागरिक झाला, म्हणजे सहा वर्षांनी.

झटपट पासपोर्टचे प्रकार झालेत, नाही असं नाही. केनियाचा धावपटू स्टीफन चेरोनो २००३ मध्ये कतारचा सैफ सईद शाहीन झाला आणि त्याच वर्षी स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, विश्वविजेताही. पण तो निर्वासित नव्हता, आणि एका देशाकडून खेळून मग देश बदलल्यावर तीन वर्षं थांबण्याच्या ऑलिंपिक नियमामुळे त्याचं २००४ चं अथेन्स ऑलिंपिक हुकलंच. दोन वेगळ्या गोष्टींची ही सरमिसळ मजकूर लिहिणाऱ्याने केली आहे.

‘दयेपोटी संघात घेतात.’ अमेरिकेच्या ॲथलेटिक्स संघात दयेला जागाच नाही. तेव्हाच्या नियमाने निवड चाचणीच्या अंतिम शर्यतीतले पात्रता वेळ असलेले पहिले तीन जात. जुलै २००८ मध्ये यूजीन शहरातल्या चाचणीत १५०० मीटरमध्ये बर्नार्ड लगाट पहिला, लिओ मान्झानो दुसरा, लोमाँग तिसरा. चौथा आला असता तर त्याची कहाणी कितीही चटका लावणारी असो, तो घरी बसला असता. ध्वजवाहक म्हणून त्याला निवडलं ते अमेरिकी संघांच्या कर्णधारांनी, मतदान करून.

‘मायदेशाशी बेइमानी.’ कोणता मायदेश? लोमाँगचं गाव आज ज्या दक्षिण सुदानमध्ये आहे, तो देश जन्मला ९ जुलै २०११ ला. त्याच्या ऑलिंपिक समितीला मान्यता मिळाली २०१५ मध्ये. म्हणजे २००८ मध्ये लोमाँगपुढे दुसरा झेंडा होता तो सुदानचा, ज्याच्या यादवीने त्याला देशोधडीला लावलं. ग्वोर मारिआल या दक्षिण सुदानच्याच निर्वासिताचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. तोही अमेरिकेत राहत होता, पण नागरिक नव्हता. त्यामुळे उत्तम मॅरेथॉनपटू असूनही अमेरिकेकडून धावू शकला नाही. सुदानकडून धावायला त्याने साफ नकार दिला. २०१२ मध्ये लंडनला तो ऑलिंपिक ध्वजाखाली धावला, ४७ वा आला. चार वर्षांनी रिओमध्ये दक्षिण सुदान पहिल्यांदा ऑलिंपिकला उतरला, तेव्हा त्या देशाचा ध्वज मारिआलच्याच हातात होता.