झाकण कशासाठी? कराडच्या दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

कॅम्पिंगला ग्रिल कोणतं न्यावं यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही कराडहून भरभरून लिहिलंत. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं, म्हणून हे वेगळं लिहितेय. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की मंद आचेवर, धुरावर तासन्‌तास मांस भाजायचं असेल तर घट्ट झाकणाचं आणि खाली-वर हवेची भोकं असलेलं कोळशाचं ग्रिल घ्या, घडीच्या उघड्या ग्रिलच्या वाटेला जाऊ नका. त्यावर तुमचं म्हणणं असं: ताई, आपल्याकडे चुलीवरचं मटण असताना हे परदेशी खूळ कशाला? लोहाराकडून करून घेतलेली शेगडी कितीतरी स्वस्तात पडते. घडीचं ग्रिल मोटारसायकलला बांधता येतं, तुमचं ते गोल धूड कुठे बांधायचं? आणि दरवर्षी डोंगर जळत असताना लोकांना निखारे घेऊन डोंगरात जायला सांगताना काहीच कसं वाटत नाही?

शेवटचा प्रश्न सगळ्यात वजनदार आहे. त्याचं उत्तर ग्रिलच्या निवडीतच दडलेलं आहे, म्हणून तिथे जरा सावकाश येते.

चुलीवरच्या मटणाबद्दल तुमच्याशी माझा वादच नाही. पातेल्यात रस्सा रटरटतो तेव्हा पाणीच तापमान धरून ठेवतं. साताऱ्याच्या आसपासच्या उंचीवर पाणी 98 अंशांच्या जवळपास उकळतं, कासच्या उंचीवर 96 च्या आसपास. चुलीत जाळ कमीजास्त झाला तरी रस्सा त्याच्या वर जात नाही. म्हणून तीन दगडांवरही मटण मऊसूत होतं. पण ज्या भाजण्याबद्दल मी लिहिलं त्यात पाणी नाही, रस्सा नाही. मांस गरम हवेत आणि धुरात राहतं, आणि ती हवा 110 ते 130 अंशांच्या दरम्यान चार-पाच तास टिकवावी लागते. पातेल्यात जे काम पाणी आपोआप करतं, ते इथे ग्रिलने करायचं असतं. उघडी शेगडी ते करू शकत नाही, मग ती कितीही जाड पत्र्याची असो.

कारण साधं आहे. उघड्या निखाऱ्याला हवी तेवढी हवा मिळते. तो भडकून जळतो आणि संपतो. वरचं मांस थेट आचेने करपतं, चरबी ठिबकली की ज्वाळा उठतात. चाप, कलेजी, कबाब, मक्याचं कणीस यांना हीच आच हवी असते आणि तिथे तुमची शेगडीच उत्तम, हे मी मूळ लेखातही लिहिलं आहे. पण बोकडाच्या पुढच्या पायासारखा राबलेला, शिरांचा भाग असला की गणित बदलतं. त्यातले चिवट धागे 70 अंशांच्या पुढे हळूहळू विरघळू लागतात आणि मांस आतून 90 च्या आसपास पोचून तिथे काही वेळ राहिलं की हाडापासून सुटतं. बाहेरून जाळ मोठा असेल तर आत 90 होईपर्यंत वरचा थर कोळसा झालेला असतो.

आता परदेशी खुळाबद्दल. गोल झाकणाचं केटल ग्रिल 1952 साली शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी केलं. त्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनत. उघड्या भट्टीवर वारा आणि राख यांनी हैराण झालेल्या या माणसाने बोयाचा गोळा मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले आणि वरच्या अर्ध्याचं झाकण केलं. वस्तू तिकडची, खरं आहे. पण त्यामागचं तत्त्व तुमच्या-माझ्या शिवारातलं आहे. हुरड्याची आगटी आठवा. जमिनीत खड्डा, म्हणजे वारा अडला. गोवऱ्यांचे निखारे आणि वर राखेचा थर, म्हणजे हवा अडली. त्यात खुपसलेलं ज्वारीचं कणीस करपत नाही, दाणा आतून वाफवून निघतो. केटलमध्ये खड्ड्याचं काम पत्र्याचं भांडं करतं आणि राखेचं काम झाकण आणि भोकं.

म्हणूनच मी ग्रिल पाहते तेव्हा जाळी किती मोठी, रंग कोणता, बाजूला फळी आहे का, हे सगळं नंतर. आधी हवा. दुकानात मोबाइलचा टॉर्च चालू करून ग्रिलच्या आत ठेवा, झाकण लावा, भोकं बंद करा आणि वाकून कडेने बघा. झाकणाच्या कडेला केसाएवढी उजेडाची रेघ दिसली तर चालेल. धुराच्या काजळीने आणि चरबीने ती काही वापरांत बुजते. पण तळाच्या भोकाच्या पट्टीतून उजेड येत असेल तर ते ग्रिल तिथेच ठेवा. खालून हवा शिरत राहिली की आच तुमच्या हातात राहत नाही. स्वस्तातल्या बऱ्याच ग्रिलांना तळाशी नुसती भोकं पाडलेली असतात, ती बंद करायची सोयच नसते. झाकणावरच्या घड्याळी तापमापकावरही फार भरवसा ठेवू नका. तो वरची हवा मोजतो, मांस खाली जाळीवर असतं. जाळीपाशी ठेवायची सळई असलेला साधा डिजिटल तापमापक घेतलात तर ते पैसे सत्कारणी लागतील.

प्रत्यक्ष मांडणी कशी, तेही सांगते, कारण त्याशिवाय झाकणाचं महत्त्व कळत नाही. करवंटीच्या कोळशाच्या एकसारख्या विटा घ्यायच्या आणि भांड्याच्या आतल्या कडेने, शेजारी दोन आणि वर दोन अशा, अर्ध्या वर्तुळात लावायच्या. एका टोकाला चार-पाच पेटलेल्या विटा ठेवायच्या. मग निखारा एका विटेवरून दुसरीवर सरकत जातो, सगळा कोळसा एकदम पेटत नाही. मधल्या रिकाम्या जागेत पाण्याचं पसरट स्टीलचं ताट. मांस त्या ताटाच्या वर, कोळशाच्या वर नाही. कोळशाच्या रांगेवर आंब्याच्या किंवा जांभळाच्या वाळक्या लाकडाचे मुठीएवढे तीन-चार तुकडे. झाकणाचं भोक मांसाच्या बाजूला येईल असं फिरवायचं आणि पूर्ण उघडं ठेवायचं, म्हणजे धूर मांसावरूनच बाहेर जातो. खालचं भोक बोटभर. आच वाढवायची-कमी करायची ती फक्त खालून. सुरुवातीला दाट पांढरा धूर येतो, तो कडवट असतो; तो पातळ होऊन निळसर दिसू लागला की मगच मांस ठेवायचं.

पेटवायला रॉकेल-पेट्रोल नको. केमिकल लावलेल्या, काडी लावताच पेटणाऱ्या विटाही या पद्धतीला चालत नाहीत, कारण रांगेतली न पेटलेली वीट नंतर पेटते तेव्हा त्या केमिकलचा धूर मांसाला लागतो. वाळक्या करवंटीचे तुकडे आणि थोडा कागद पुरतो. आणि लाकूड ओळखीचंच हवं. कण्हेरीची काडी तर सळई म्हणूनसुद्धा वापरू नका, ती विषारी आहे. प्लायवूड, रंगवलेली फळी, चिकाची लाकडं यांना हात लावायचा नाही.

अर्ध्या वाटेवर एक टप्पा येतो जिथे नवखे लोक घाबरतात. मांस आतून 65 ते 70 अंशांवर पोचतं आणि तिथेच अडून बसतं, तास तास काटा हलत नाही. मांसातलं पाणी पृष्ठभागावरून उडत असतं आणि ते उडताना गारवा देतं, म्हणून असं होतं. यावर उपाय कोळसा वाढवणं हा नाही. थांबायचं, किंवा घाई असेल तर मांस फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून परत ठेवायचं. घाटावरचा संध्याकाळचा पश्चिमेचा वारा मात्र खरा शत्रू. तो खालच्या भोकात घुसला की पंधरा मिनिटांत आच दुप्पट होते. भोक वाऱ्याच्या उलट बाजूला करा, गाडी किंवा दगडी बांध आडोशाला घ्या.

मोटारसायकलचा मुद्दा रास्त आहे. दुचाकीवर दोघं जण, पाठीवर तंबू, तर मी झाकणाचं ग्रिल न्या असं म्हणणार नाही. 14 इंची केटल मागच्या कॅरिअरला बांधता येतं, पण कोळसा, पाणी आणि बर्फातलं मटण धरलं की ओझं नकोसं होतं. त्यांनी घडीचं ग्रिल न्यावं, चाप भाजावेत, मजेत खावं. किंवा बिडाचं जाड झाकणाचं भांडं न्यावं आणि झाकणावरही निखारे ठेवून मटण दमावर करावं. धुराची चव येणार नाही, पण मऊपणा येतो. चारचाकीने चार-सहा जण जाणार असतील तर 18 इंची केटल, आणि ज्यांना फक्त मंद आचेचंच करायचं आहे त्यांनी खाली कोळसा, मधे पाण्याचं ताट आणि वर जाळी असलेलं उभं, दुमजली स्मोकर घ्यावं. मातीच्या जाड भांड्याची कामादो ग्रिलं आच अप्रतिम धरतात, पण घाटातल्या खड्ड्यांत ती तडकायची, शिवाय एकट्याने उचलवत नाहीत. गॅसच्या छोट्या ग्रिलवर ज्योत अगदी बारीक केली तरी त्या छोट्या पेटीत आच जास्तच होते, ते चहा-अंड्याला ठीक.

आता वणवा. दिवाळीनंतर गवत वाळू लागतं आणि फेब्रुवारी ते मे साताऱ्याभोवतीचे डोंगर कसे पेटतात, ते तुम्हीही पाहता, मीही पाहते. तुमचा राग मला समजतो, माझाही तोच आहे. म्हणूनच स्पष्ट लिहिते: राखीव जंगलात ग्रिल न्यायचंच नाही. भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार राखीव वनात आग पेटवणं गुन्हा आहे. कास पठार, तसंच कोयना अभयारण्य, चांदोली आणि एकूणच सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाची हद्द, इथे चूल नको, शेगडी नको, केटलही नको. हे सगळं बामणोली-तापोळ्याच्या किंवा धोमच्या काठच्या खासगी कॅम्पच्या जागेत, मालकाला विचारून, गवत काढलेल्या मोकळ्या जमिनीवर करायचं.

आणि तिथेही उघडी शेगडी जास्त धोक्याची आहे, हे माझं ठाम मत आहे. बाभळीचा कोळसा पेटताना तडतडतो, ठिणगी उडते, वाऱ्यावर वीस पावलं जाते. झाकणाखालची ठिणगी झाकणाखालीच राहते. जेवण उरकल्यावर केटलची दोन्ही भोकं बंद केली की हवा तुटून कोळसा विझतो, उरलेला पुढच्या खेपेला वापरता येतो. शेगडीतली राख मात्र वरून पांढरी, गार दिसते आणि आत दुसऱ्या सकाळपर्यंत धग धरून असते. ती गवतात ओतली की वणवा लागायला एक झुळूक पुरते. राख कोणत्याही ग्रिलची असो, लोखंडी डब्यात पाणी घालून ढवळा, हाताला पूर्ण गार लागली की मग घरी न्या. म्हणून खरेदी करताना आणखी एक गोष्ट तपासा: तळाला राख झेलणारं बंद ताट आहे का? नुसती जाळी किंवा भोकं असतील आणि राख सरळ जमिनीवर पडत असेल, तर ते ग्रिल फुकट मिळालं तरी घेऊ नका. घडीच्या ग्रिलांत हे ताट बहुतेक वेळा नसतं. मी त्यांच्या विरोधात लिहिलं त्यामागे चवीइतकंच हेही कारण आहे.

याच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट: थंडी वाजते म्हणून विझत आलेली शेगडी किंवा ग्रिल तंबूत घेऊ नका. तंबूची चेन उघडी ठेवूनसुद्धा नाही. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही.

तुम्ही जाता जाता हेही विचारलंत की असल्या भाजण्याला मटण नेमकं कुठलं घ्यायचं, की तेही बाहेरूनच मागवायचं. अजिबात नाही. मटणवाल्याला पुढचा पाय खांद्यासकट अख्खा मागा, दीड किलोच्या आसपास. तुकडे करू देऊ नका आणि वरची चरबी काढू देऊ नका. आदल्या रात्री मीठ, आलं-लसूण आणि घरचं कांदा-लसूण तिखट चोळून ठेवा. तेलकट मसाला असेल तर वरून पातळच लावा, नाहीतर धूर आत धरत नाही. प्रवासात बर्फाच्या पेटीत तळाला ठेवा आणि ग्रिल तयार झाल्यावरच बाहेर काढा, उन्हात तासभरसुद्धा उघडं राहू देऊ नका. दुपारी दोनला ग्रिलवर चढवलंत तर साधारण सातच्या सुमारास हाड हाताने फिरवून बघा. ते सहज फिरलं की उतरवा, फॉइलमध्ये अर्धा तास झाकून ठेवा आणि मग भाकरीबरोबर वाढा.