‘साधी गाठ’ आम्हाला महागात पडली
अमेलोब्लास्टोमावरच्या लेखात जबड्याच्या हाडात होणाऱ्या या गाठीला ‘साधी गाठ, कॅन्सर नव्हे’ म्हटलंय. बरोबर आहे, पण त्या ‘साधी’नेच आमचा घात केला. माझ्या भावाच्या खालच्या जबड्यात अक्कलदाढेपाशी ही गाठ निघाली. पहिल्या डॉक्टरांनी नुसती खरवडून काढली. जबडा वाचला म्हणून आम्ही पेढे वाटले! सहा वर्षांनी जेवताना दात हलायला लागला. ओपीजी (पूर्ण जबड्याचा) एक्स-रे काढला तर त्याच जागी साबणाच्या फेसासारखे काळे बुडबुडे. दुसऱ्या सर्जननी फिल्म खिडकीपाशी धरून दाखवलं: गाठीच्या पेशी एक्स-रेत दिसणाऱ्या कडेच्याही पलीकडे, हाडाच्या जाळीत शिरलेल्या असतात. म्हणून भोवतालचं 1 ते 2 सेंटिमीटर चांगलं हाडही काढतात. मग जबड्याचा तुकडा काढून तिथे पायातलं फिब्युला हाड बसवलं. (एकाच पोकळीच्या प्रकारात कधी कधी लहान शस्त्रक्रियेवर भागतं, तेव्हा बायोप्सीचा रिपोर्ट नीट समजून घ्या.)

शस्त्रक्रियेनंतर 5 वर्षं तपासणी पुरे, हे लेखातलं म्हणणं मात्र पटलं नाही. 10 वर्षांनंतरही ही गाठ उलटल्याची उदाहरणं आहेत. भाऊ अजून दरवर्षी एक्स-रे काढायला जातो, आईला न सांगता.