आधी ते पान पाहा

सुट्टीच्या दिवशी लोक गड चढतात, मासे आणतात, फार तर माळा आवरतात. मी लिनक्स बांधतो, कॉम्प्युटर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम. म्हणजे आयतं न घेता मूळ कोडपासून एकेक तुकडा कंपाइल करत (मशीनला चालवता येईल असा बनवत) उभं करतो. त्यासाठी 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' नावाचं फुकट पुस्तक आहे. जेरार्ड बीकमन्स यांनी ते १९९९ मध्ये सुरू केलं, आणि आजही स्वयंसेवक ते नेटाने चालू ठेवतात. पुस्तक गुणी आहे, सांगितलेलं मुकाट्याने टाइप करत गेलं की झालं. वेळ मात्र ते तासांत सांगत नाही. पाचव्या प्रकरणातलं पहिलं पॅकेज, बिनयुटिल्स, पहिल्यांदा बांधायला तुमच्या मशीनला जेवढा वेळ लागेल, तो एक एसबीयू, म्हणजे 'स्टँडर्ड बिल्ड युनिट'! पुढचा सगळा हिशोब त्यात. जीसीसीला, म्हणजे कोड कंपाइल करणाऱ्या प्रोग्रामला, किती वेळ लागेल? आधी पाचवं प्रकरण पाहा.

असं करत शेवटचं पान येतं, नवं लिनक्स सुरू होतं, काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकतो. आणि लक्षात येतं की यात ब्राउझर नाही, फाइल उतरवायला डब्ल्यूगेटसुद्धा नाही. ते सगळं दुसऱ्या पुस्तकात, 'बियाँड लिनक्स फ्रॉम स्क्रॅच'मध्ये. ते वाचायला ब्राउझर हवा. म्हणून ज्यावर हे सगळं बांधलं त्या जुन्या लिनक्समध्ये परत यायचं. ही सोयही पहिलं पुस्तकच सुचवतं, तीही चेहऱ्यावरची रेष न हलवता.

दोन्ही पुस्तकांची आवृत्ती एकच हवी. माझं पहिलं १२.२, तर दुसरंही १२.२च. पण नेटवर शोधलं की हमखास काम अजून चालू असलेली आवृत्ती पुढ्यात येते. पान हुबेहूब तेच, फक्त क्रमांक वेगळे आणि मधला एक पॅच (कोडमधली छोटी दुरुस्ती) गायब.

आता डब्ल्यूगेट. एवढंसं काम. पान म्हणतं, शिफारस: आधी लिबपीएसएल हे पॅकेज बांधा. लिबपीएसएलचं पान म्हणतं, लिबआयडीएन२ आणि लिबयुनिस्ट्रिंग. लिबआयडीएन२ म्हणतं, लिबयुनिस्ट्रिंग. 'शिफारस' म्हणजे सभ्य भाषेतला हुकूम. ती पाळली आहे असं धरूनच पुढच्या आज्ञा लिहिलेल्या असतात. त्याखाली 'ऐच्छिक'ची यादी, आणि तिच्या शेपटाला पुस्तकात नसलेल्या पॅकेजांचे दुवे. तिकडे गेलेला माणूस जेवायला येत नाही.

पण खरी मजा फ्रीटाइपच्या पानावर. फ्रीटाइप फॉन्टमधली अक्षरं रेखतं. कुठलं अक्षर कुठे बसवायचं, हे हार्फबझ ठरवतं. ते नसेल तर आपली पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे यायची ती पलीकडे पडते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात, त्यामुळे मराठी माणसाला ते टाळता येत नाही. हार्फबझ म्हणतं, आधी फ्रीटाइप बांधा. फ्रीटाइप म्हणतं, आधी हार्फबझ. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. यावर पुस्तकाने काढलेला तोडगा मात्र कुठल्याही मध्यस्थाला सुचला नसता: लग्न वेडासकट उरका, मग वेड घालवा, मग त्याच मुलीशी पुन्हा लग्न लावा. म्हणजे हार्फबझशिवाय फ्रीटाइप, मग हार्फबझ, मग पुन्हा फ्रीटाइप.

कारण ऐकलं तर दोघांचंही बरोबर वाटतं. फ्रीटाइपने उघडलेले फॉन्ट वापरता यावेत म्हणून हार्फबझला फ्रीटाइप लागतं, आणि फ्रीटाइपला अक्षरांच्या कडा आपोआप नीट करताना हार्फबझचा सल्ला लागतो. भांडणात चूक कोणाचीच नसली की ते फार लांबतं.

भिंतीवर मी क्रम लिहून चिकटवला आहे. त्यात बाणांची इतकी गर्दी झाली की आईने कोणाच्या वंशावळीचं काम घेतलंस म्हणून विचारलं. पुढे व्हिडिओचं लिबव्हीए आणि ग्राफिक्सचं मेसा निघाले. तिथेही तेच: आधी मेसाशिवाय लिबव्हीए, मग मेसा, मग परत लिबव्हीए. पडद्यावरून ओळी धो धो वाहत होत्या. आई चहाचा कप ठेवून थांबली.

"हे कालच केलं होतंस ना रे?"

"हो. आता परत करतोय. दुसरं बांधून झालं की पहिलं परत बांधावं लागतं."

"मग काल बांधलंस कशाला?"

"पहिल्याशिवाय दुसरं होत नाही."

तिने त्या ओळींकडे जरा वेळ पाहिलं. "आणि हे फुकट मिळतं म्हणालास?"

"पूर्ण फुकट."

"तरीच," म्हणाली, आणि कणीक मळायला गेली.