टूथपेस्ट, गरम पाणी आणि महागडं घड्याळ

सध्या एक मजकूर हातोहात फिरतोय: ‘महागडं घड्याळ घरच्या घरी दहा मिनिटांत नव्यासारखं करा’. त्यातल्या सूचना थोडक्यात अशा. घड्याळावर ५० मीटर लिहिलं असेल तर खुशाल नळाखाली धरा. मळ सुटायला गरम पाण्यात भिजत घाला. ओरखड्यांवर टूथपेस्ट चोळा. जंतू मारायला ब्लीच नाहीतर सॅनिटायझर वापरा. दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक मशीन असेल तर घड्याळ सरळ त्यात सोडा. शेवटी हेअर ड्रायरने वाळवा. आणि खाली ठसठशीत अक्षरांत: घड्याळजीकडे जायची गरजच नाही.

मला हा मजकूर तीन वेगवेगळ्या माणसांनी पाठवला आणि तिघांच्याही मनगटावर चांगली घड्याळं आहेत, म्हणून लिहायला बसलो.

यातली मूळ गोष्ट खरी आहे, ती आधी मान्य करतो. घड्याळ साफ करायलाच हवं. स्टीलच्या चेनच्या कड्यांमध्ये जो काळपट लगदा साठतो त्यात घाम, मेलेली त्वचा, साबण आणि धूळ असते. धुळीचे कण कडक असतात. चेन हलली की ते आतल्या पिनांना कानशीसारखे घासत राहतात. जुनी, न धुतलेली चेन आडवी धरून पाहा, ती मधे झोळीसारखी लोंबते. तेव्हा धुणं हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. घोळ पुढे होतो. मळ बसतो चेनमध्ये, आणि हा मजकूर धुवायला लावतो डबी, म्हणजे आत यंत्र असलेलं घड्याळाचं मुख्य अंग.

आता ‘५० मीटर’चं. हा आकडा म्हणजे पोहण्याची खोली नव्हे, तो प्रयोगशाळेतला स्थिर दाब आहे. दर दहा मीटरला साधारण एक बार (बार हे दाबाचं माप), म्हणजे इथे पाच बार. चाचणी होते नव्या घड्याळाची, आणि साध्या ‘वॉटर रेझिस्टंट’ घड्याळांच्या आयएसओ २२८१० मानकात नमुन्यादाखल काही घड्याळं तपासली तरी चालतं. पाणबुड्यांच्या घड्याळांचं आयएसओ ६४२५ हे मानक वेगळं. तिथे किमान १०० मीटर लागतात आणि एकूण एक घड्याळ तपासावं लागतं.

नळाखाली धरू नका म्हणणारेही कधीकधी चुकीचं कारण देतात, ते असं की पाण्याच्या धारेने दाब प्रचंड वाढतो. हिशोब करून बघा. सेकंदाला पाच मीटर वेगाची धार म्हणजे फार तर सव्वा मीटर खोलीइतका जादा दाब. पाच बार झेलणाऱ्या डबीला तो काहीच नाही. खरी भीती वयाची आहे. पाणी अडवतात त्या रबराच्या बारीक रिंगा: एक पाठच्या झाकणाखाली, एक-दोन चावीपाशी (वेळ लावायची बाजूची गुंडी), बऱ्याचदा एक काचेभोवती. रबर वर्षागणिक कडक होतं, दबून चपटं होतं, त्याला चिरा जातात. तबकडीवरचं ‘५०’ मात्र तसंच कोरं करकरीत राहतं. सात-आठ वर्षांत एकदाही न उघडलेल्या घड्याळाच्या बाबतीत तो आकडा म्हणजे जुनी आठवण समजा.

आणि चावी! घड्याळात पाणी शिरण्याची सर्वांत साधी वाट म्हणजे नीट न बसवलेली चावी. सकाळी वेळ लावली, चावी अर्धवट बाहेर राहिली, आणि मग नळ.

या संदर्भात मर्सिडीज ग्लाइट्झचं उदाहरण हमखास दिलं जातं. ऑक्टोबर १९२७ मध्ये ही जलतरणपटू इंग्लिश खाडीत पुन्हा उतरली तेव्हा तिच्या गळ्यात रोलेक्सचं ‘ऑयस्टर’ घड्याळ होतं. दहा तासांहून जास्त थंडगार पाण्यात राहूनही ते चालू होतं आणि कंपनीने त्याची जोरदार जाहिरात केली. खरी गोष्ट आहे. पण ते घड्याळ कोरं होतं आणि त्याची चावी स्क्रूसारखी फिरवून पक्की बसवलेली होती. शिवाय त्या खाडीत साबण नव्हता. साबण पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, त्यामुळे साध्या पाण्याला न जमणाऱ्या फटीत साबणाचं पाणी सहज सरकतं.

गरम पाणी मला सगळ्यांत धोकादायक वाटतं, कारण त्याचं नुकसान त्या दिवशी दिसत नाही. समजा डबी ४५ अंशांपर्यंत तापली आणि मग २० अंशांच्या खोलीत निवली. बंद डबीतली हवा निवताना तिचा दाब सुमारे आठ टक्क्यांनी उतरतो. म्हणजे बाहेरची हवा आत घुसायला बघते, आणि भिजलेल्या डबीभोवती ती हवा दमटच असते. रिंगा ठणठणीत असतील तर काही होत नाही. एखादी थकलेली असेल तर दर आंघोळीला, दर धुण्याला घड्याळ एक चिमूटभर वाफ ओढून घेतं. एके दिवशी काचेच्या आतल्या बाजूला धुकं दिसतं तेव्हा आतल्या पोलादी स्क्रूंवर गंज धरायला लागलेला असू शकतो. असं धुकं दिसलं तर ते आपोआप विरलं म्हणून निर्धास्त होऊ नका, त्याच दिवशी घड्याळजी गाठा.

टूथपेस्टबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो, कारण हा उद्योग मी केला आहे. माझ्या घड्याळाच्या कडीवर, म्हणजे चेनच्या खटक्यावर, एक केसासारखा ओरखडा होता. कापडावर टूथपेस्ट घेऊन पाच मिनिटं गोल गोल घासलं. ओरखडा गेला. त्याच्याबरोबर तिथल्या सगळ्या बारीक समांतर रेषाही गेल्या. अशा स्टीलवर कारखान्यात एकाच दिशेने मुद्दाम रेघा ओढून ते मंद केलेलं असतं, आणि मी त्याच्या मधोमध अंगठ्याएवढा चकचकीत डाग पाडला. आधी ओरखडा शोधावा लागायचा. डाग मात्र हात पुढे केला की समोरच्याला दिसायचा.

टूथपेस्टमध्ये सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची घासणारी पूड असते. सोन्याचा मुलामा मुळातच इतका पातळ असतो, की ही पूड त्यावर चोळणं म्हणजे तो हाताने उतरवणं. काचेचं म्हणाल तर महागड्या घड्याळांत बहुधा कृत्रिम सफायर असतं. खनिजांचा कडकपणा १ ते १० मध्ये मोजणाऱ्या मोह्सच्या मापकावर ते ९ वर आहे, टूथपेस्टमधली पूड त्याहून बरीच मऊ. त्यामुळे सफायरवरचा ओरखडा टूथपेस्टने जाणं शक्यच नाही. ‘माझा गेला’ असं कुणी सांगितलं तर तो ओरखडा नव्हताच, दुसऱ्या धातूची रेघ काचेवर उमटली होती. आणि काही घड्याळांत काचेच्या बाहेरूनही चकाकी कमी करणारा लेप असतो. तो खराब होऊ शकतो.

एका ठिकाणी मात्र मजकूर बरोबर निघतो. जुन्या किंवा जुन्या धाटणीच्या घड्याळांत अॅक्रिलिकची, म्हणजे प्लॅस्टिकची काच असते. तिच्यावरचे हलके ओरखडे टूथपेस्टने खरंच कमी होतात. पण भोवतीच्या धातूला आधी चिकटपट्टी लावा.

ब्लीच अजिबात नको. त्यातलं क्लोरीन स्टेनलेस स्टीललाही सोडत नाही, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतं, आणि ते पॉलिशने जात नाहीत. दागिन्यांच्या सोन्यातल्या मिश्रधातूंनाही ते खातं. सॅनिटायझरचं अल्कोहोल स्टीलच्या चेनला फारसं काही करत नाही, पण चामड्याचा पट्टा कोरडा करून तडकवतं आणि अॅक्रिलिकच्या काचेत जाळीसारख्या चिरा पाडू शकतं.

अल्ट्रासॉनिक मशीन घड्याळजीही वापरतात, हे खरं. पण ते सुटी चेन टाकतात, रिकामी डबी टाकतात, उघडून सुटे केलेले भाग टाकतात. चालू घड्याळ कुणी टाकत नाही. मशीनमधल्या ध्वनिलहरींच्या कंपनांनी बारीक स्क्रू ढिले होतात आणि नेमक्या जागी थेंबाथेंबाने ठेवलेलं तेल जागा सोडतं. सेकंदाला आठ ठोके देणाऱ्या यंत्रात ते तेल इकडचं तिकडे झालं की घड्याळ चालतं, पण वेळ चुकवतं. ड्रायरचं उत्तर वर गरम पाण्यात येऊन गेलं. कापडाने टिपून हवेवर ठेवा.

मग धुवायचं कसं? चावी आत आहे ना ते आधी बघा, स्क्रूची असेल तर पुरती आवळा. चेन काढता येत असेल तर काढा. सवय नसेल तर राहू द्या, कारण पिन काढायचं हत्यार निसटलं की डबीच्या पायांवर, म्हणजे चेन जिथे अडकते तिथे, कायमचा चरा उमटतो. वाटीत साधं किंवा जेमतेम कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचे दोन थेंब. लहान मुलांचा मऊ ब्रश. डबी हातात पाण्याबाहेर धरून फक्त चेन बुडवा आणि कड्या वाकवून आतल्या फटीत घासा. पाणी करडं होत जाताना पाहणं हा या कामातला खरा आनंद आहे. मग स्वच्छ पाण्यात चेन खळबळा. डबी ओल्या आणि पिळून काढलेल्या मायक्रोफायबरने पुसा, चावीच्या खाचा कोरड्या ब्रशने. रबरी पट्ट्याला हेच पाणी चालतं, कापडी पट्टा काढून धुवा. चामड्याला फक्त कोरडं कापड.

राहिली ती शेवटची ओळ, घड्याळजीची गरज नाही म्हणणारी. रिंग थकली आहे की नाही हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. घड्याळजीकडे त्यासाठी कोरडी चाचणी असते: घड्याळ एका बंद कप्प्यात ठेवून हवेचा दाब देतात आणि डबी किती दबते ते मायक्रॉनमध्ये मोजतात. दबलेली डबी मूळ जागी सरकायला लागली तर आत हवा शिरते आहे, म्हणजे कुठेतरी फट आहे. पाण्याचा एक थेंबही लागत नाही, काही मिनिटांत होते, आणि बॅटरी बदलायला पाठचं झाकण उघडलं की ही चाचणी मागून घ्यावी, कारण नेमकी तेव्हाच रिंग हललेली असते.