आरेच्या म्हशी नकाशात कुठे?

जगात गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या कुठे किती आहेत त्याचा एफएओचा (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) नकाशा एका लेखात बघितला आणि पहिलं गोरेगाव शोधलं. नकाशातला एकेक चौकोन साधारण 10 किलोमीटरचा, म्हणजे आरे, अंधेरी, पवई सगळं जवळपास एकाच रंगात. 1949 साली मुंबई शहरातले तबेले बाहेर हलवायला आरे झालं, आज तेच शहराच्या मधोमध आहे, पहाटे तिथून गेलं की भिजवलेल्या पेंडीचा वास येतो, म्हशी ओळीने बांधलेल्या, कानात पिवळा टॅग.

हे आकडे पशुगणनेतून घेतात आणि पाऊस, जमीन, लोकवस्ती बघून चौकोनांत वाटतात, म्हणजे तो अंदाज आहे हो, मोजणी नाही. त्यात बकरी ईदच्या आधी देवनारच्या बाजारात राजस्थानपासून ट्रक भरभरून बकरे येतात, ते कुठल्या चौकोनात धरणार? आणि लाळ्या-खुरकूत हा जनावरांचा साथीचा रोग पसरला की नेमकं हेच लागतं, जनावर आज कुठेय आणि आलं कुठून. त्या पिवळ्या टॅगवर 12 आकडी नंबर असतो, देशात 11 कोटींच्या आसपास म्हशी आहेत (2019 ची गणना), टॅगची नोंद नकाशाला जोडायचं काम कुणीतरी खरंच मनावर घ्या.