नावं सुचवताना जरा थांबा

आज चर्चमध्ये उपासनेनंतर वडीलपदासाठी, म्हणजे मंडळीची काळजी वाहणाऱ्या एल्डरच्या पदासाठी, नावं घेतली. एका भावाने उभं राहून नाव सुचवलं आणि कारणही सांगितलं, "साहेबांच्या वरपर्यंत ओळखी आहेत, हॉलच्या परवानगीचं काम होऊन जाईल." वर टाळ्या! अरे, वडील निवडतोय की एजंट नेमतोय? तिथे बोलले असते तर तमाशा झाला असता, म्हणून इथे लिहितेय.

पप्पा शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले होते तेव्हा मंडळीतले एक वृद्ध एल्डर घरी यायचे. त्यांना संदेश देता येत नसे, सभेत तर तोंडही उघडत नसत. यायचे, एखादं स्तोत्र वाचायचे, दोन वाक्यांची प्रार्थना करायचे आणि मग खिशातून नेलकटर काढून पप्पांच्या पायाची नखं काढायचे. पप्पा कोणाला पायाला हात लावू देत नसत. यांच्यापुढे मात्र मुकाट्याने पाय सरकवायचे.

बायबलमध्ये याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सरळ लिहिलंय: कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. ओळखीवाल्यांना बोलवा असं नाही लिहिलं. आणि आमच्याकडे? मागच्या सभेत स्पीकर कोणते घ्यायचे यावर रात्र झाली, आणि आजाऱ्यांची यादी 'वेळेअभावी' पुढच्या सभेवर ढकलली. त्या यादीतली एक बहीण पुढच्या सभेपर्यंत राहिलीच नाही. स्पीकर छान वाजतात.

हो, हॉल गळतो, परवानग्या लागतात, हिशेब कोणीतरी ठेवायलाच हवेत. मान्य. चर्च-सुधारक कॅल्व्हिनच्या जिनिव्हातही 1541 पासून जे बारा वडील नेमत ते शहराच्या कौन्सिलांमधलेच असायचे, हेही कोणीतरी ऐकवेलच. पण ते नेमत होते लोकांच्या जगण्याकडे लक्ष द्यायला, फायली पुढे सरकवायला नाही. आणि 1560 मध्ये स्कॉटलंडच्या सुधारकांनी तर वडील दरवर्षी निवडावेत असं ठरवलं, कारण फार काळ पदावर राहिलेला माणूस मंडळीच्या स्वातंत्र्यावर हात टाकील ही भीती. आमच्यात काहींची टर्म संपतच नाही. बायबलमध्ये पेत्र वडिलांना म्हणतो धनी होऊ नका, कळपाला कित्ता व्हा. इथे पुढच्या रांगेतली खुर्चीसुद्धा सुटत नाही!

मीही एल्डर आहे. (बाईने असावं की नाही हा वाद आज नको, ज्यांना पटत नाही त्यांचे फोनही रात्री मलाच येतात.) निवड झाली तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं, पण या कामाचं खरं ओझं कोणी सांगितलं नाही. घरोघरी जाता तेव्हा लोक बोलतात. कोणाचा मुलगा काय करतो, कोणाच्या संसारात काय चाललंय, कोणाची प्रार्थनाच बंद पडलीय. ते सगळं पोटात ठेवायचं, घरच्यांनाही सांगायचं नाही, आणि रविवारी त्याच माणसाशी काहीच ठाऊक नसल्यासारखं हस्तांदोलन करायचं. हे ओळखींनी जमत नाही. ते नेलकटरवाले एल्डर पप्पांचं काय काय ऐकून गेले असतील, आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

आता राग जरा उतरलाय. साहेब माणूस वाईट नाहीत. त्यांना बांधकाम कमिटीत घ्या, मीच अनुमोदन देते. पण कोणाच्या उशाशी ते अजून एकदाही दिसलेले नाहीत, हे तर तुम्हालाही माहीत आहे ना?

पुढच्या रविवारी नावं परत घेणार आहेत. मी एक भाऊ सुचवणार आहे. हॉस्पिटलच्या वॉर्डात मी पोचते तेव्हा तो बहुतेक वेळा आधीच तिथे असतो, स्टूलवर बसलेला, पेशंटच्या नातेवाइकाला घरी झोपायला पाठवून. स्टेजवर त्याला कोणी पाहिलेलं नाही आणि बायबलच्या तीत 1 मधली, वडील कसा असावा याची यादी त्याच्यापुढे धरली तर तो घाबरून नाहीच म्हणेल, त्याला मी समजावते. अनुमोदनाला कोण उभं राहणार तेवढं सांगा. इनबॉक्समध्ये नको, इथेच खाली लिहा.