फ्लोराइड बॅटरी अंबडच्या शेडमध्ये? एका फॉरवर्डला उत्तर

नाशिकच्या सातपूर-अंबड या औद्योगिक भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. सार असं: फ्लोराइड-आयन बॅटरी लिथियमच्या आठपट चालते. तिचं घन इलेक्ट्रोलाइट (दोन टोकांमधला, फ्लोराइडचे आयन म्हणजे विद्युतभारित अणू वाहून नेणारा थर) म्हणजे दोन पांढऱ्या पावडरी मिसळून हायड्रॉलिक प्रेसवर दाबलेली चकती. तपासायला मल्टीमीटर पुरे. ती जळत नाही आणि विषारीही नाही, टूथपेस्टमध्ये फ्लोराइड असतंच की! तेव्हा नाशिककरांनो, लागा कामाला. अशा चकत्या मी दाबल्यात आणि मोजल्यात, म्हणून हे लिहितोय.

‘आठपट.’ डिसेंबर २०१८ मध्ये कॅलटेक, नासाची जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी आणि होंडा यांच्या संशोधकांचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला. ‘आठपटीपर्यंत’ हे त्या वेळच्या बातम्यांतलं. तो शक्यतेचा आकडा होता, कुणी बॅटरी चालवून मोजलेला नव्हे. शिवाय त्या कामातलं इलेक्ट्रोलाइट द्रव होतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने द्रवाचा आकडा उचलून घन चकतीला चिकटवलाय.

घन चकतीची गोष्ट वेगळी आहे. २०११ मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला अंजी रेड्डी आणि फिख्टनर यांनी लँथनम फ्लोराइडमध्ये दहावा हिस्सा बेरियम घालून (फॉरवर्डमधल्या दोन पावडरी म्हणजे या दोन धातूंची फ्लोराइडं) असे सेल चालवले, पण १५० अंश सेल्सिअसला. त्यातही क्षमता चार्ज-डिस्चार्जच्या काही डझन फेऱ्यांत बरीच घसरली. फॉरवर्डमध्ये तापमानाचा उल्लेखच नाही आणि खरी मेख तिथेच आहे. खोलीच्या तापमानाला या पदार्थाची वाहकता (आयन किती सहज वाहतात त्याचं माप, एकक सीमेन्स) सेंटिमीटरला सीमेन्सच्या दशलक्षाव्या भागाएवढी, बहुधा त्याहूनही कमी. आता साधा हिशोब करा. चकती एक मिलिमीटर जाड, क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटर, म्हणजे रोध एक लाख ओहम. त्यातून एक मिलिअँपिअर काढायचा तर १०० व्होल्ट चकतीतच खर्च होतील. बरं, ती घासून ५० मायक्रॉनवर आणली, तरी ५ व्होल्ट गेलेच. नाशिकचा मे महिना फार तर चाळिशी ओलांडतो. निफाडच्या थंडीचं तर बोलायलाच नको.

‘मग दुसरी पावडर घ्या,’ असं कुणी म्हणेल. आहे ना. बेरियम-टिन फ्लोराइड खोलीच्या तापमानालाही याच्या शेकडो पट बरं वाहतं. पण त्यातलं टिन लँथनम किंवा सेरियमसारख्या जोरकस ॲनोडला (बॅटरीच्या ऋण टोकाला) लागलं की क्षपण होऊन, म्हणजे इलेक्ट्रॉन घेऊन, धातू बनतं आणि इलेक्ट्रोलाइट बिघडतं. म्हणून ॲनोडच्या बाजूला लँथनमवाल्याचा पातळ थर आणि बाकी जाडी टिनवाल्याची, असे दुहेरी थरही करून पाहिलेत.

‘मिसळा आणि दाबा.’ इथे तर हसावं की रडावं कळेना. नुसतं मिसळून काही होत नाही. बेरियमचा अणू लँथनमच्या जागी बसला की त्याच्याबरोबर एक फ्लोराइड कमी येतो, जागा रिकामी राहते आणि त्या रिकाम्या जागांवरून उरलेले फ्लोराइड सरकतात. ते घडवायला प्लॅनेटरी बॉल मिलमध्ये (गोळ्यांनी भरलेलं, जोरात फिरणारं दळणयंत्र) तासन् तास दळावं लागतं. भांडं पोलादाचं असेल तर घासून लोखंड पावडरीत उतरतं. भरपूर बेरियम घातलं म्हणून वाहकता वाढत जाते असंही नाही. एका मर्यादेपुढे ती उलट पडते. मग दाबलेली चकती. ती राजगिऱ्याच्या लाडवासारखी असते: बाहेरून अखंड, आत दाणे जेमतेम टेकलेले. आयन दाण्यात सहज फिरतो आणि दाण्यांच्या सीमेवर अडखळतो. म्हणून सिंटरिंग, म्हणजे तापवून दाणे एकमेकांना जोडणं, आणि तेही आर्गॉन या निष्क्रिय वायूत. आपल्याकडच्या उघड्या भट्टीत तापवलं तर हवेतली वाफ फ्लोराइडशी भिडते, लँथनम ऑक्सिफ्लोराइड बनतं आणि हायड्रोजन फ्लोराइड वायू सुटतो. त्याची गोष्ट पुढे.

‘मल्टीमीटर लावा.’ मल्टीमीटर एकाच दिशेने प्रवाह ढकलतो. धातूच्या टोकाशी आयन अडतात, प्रवाह मंदावतो आणि शेवटी उरते ती इलेक्ट्रॉनची गळती. म्हणजे जे मोजायचं ते सोडून भलतंच मोजलं जातं. खरी पद्धत अशी: दोन्ही बाजूंना सोन्याचा पातळ थर, बदलत्या वारंवारतेचा एसी सिग्नल, आणि आलेखावरच्या अर्धवर्तुळांतून दाण्याचा रोध आणि सीमेचा रोध जमेल तितका वेगळा काढायचा. मोजमाप एका तापमानाला करून भागत नाही. चकती तापवत न्यायची आणि परत थंड करत आणायची. जुलैत नाशिकला हवा दमट असताना उघड्यावर ठेवलेली चकती पहिल्या फेरीत फार छान वाहते. थंड होताना ती छान वाहकता गायब झाली, तर समजा की पृष्ठभागावरचं पाणी मोजलं होतं. असे ‘विक्रम’ मी लोकांना मोठ्या अभिमानाने दाखवताना पाहिलंय.

‘जळत नाही.’ हे बरोबर. सिरॅमिक पेट घेत नाही, आणि लिथियम-आयनमधल्या ज्वलनशील द्रवापेक्षा ही बाजू उजवीच. ‘विषारी नाही’ हे मात्र साफ चूक. टूथपेस्टमध्ये फ्लोराइडचं प्रमाण दशलक्षात हजार-दीड हजार भाग असतं आणि ती आपण थुंकून टाकतो. बेरियम फ्लोराइड थोडंफार पाण्यात विरघळतं आणि पोटात गेलं तर घातक ठरतं. हायड्रोजन फ्लोराइड तर त्वचेतून आत शिरून रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतो. ज्या शेडमध्ये त्यावरचा प्रथमोपचार असलेलं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल कुठे ठेवलंय हे कुणाला सांगता येत नाही, तिथे हे काम करू नये.

एका ग्रुपवर शेवटचं अस्त्र आलं: ‘पाण्यातलं फ्लोराइड तपासायच्या इलेक्ट्रोडमध्ये लँथनम फ्लोराइडच असतं, म्हणजे तंत्र सिद्धच आहे.’ असतं, खरंय. १९६६ साली फ्रँट आणि रॉस यांनी युरोपियम मिसळलेल्या त्याच स्फटिकाचा इलेक्ट्रोड केला आणि तो खोलीच्या तापमानाला उत्तम चालतो. पण तो फक्त व्होल्टेज दाखवतो. त्याच्यातून प्रवाह जवळजवळ काढतच नाहीत, म्हणून मोठा रोध तिथे खपून जातो. बॅटरीकडून नेमका प्रवाहच हवा असतो.